उधारीची वही ब्राउझरमध्ये : जावास्क्रिप्टने पहिलं चालतंबोलतं ॲप

माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची वही असते. कोणी ‘लिहून ठेवा’ म्हणालं की मामा तीत नोंद करतो : नाव, रक्कम, आणि ‘नावे’ (उधारीवर दिलेलं) की ‘जमा’ (फेडलेलं). महिनाअखेरीला मामी त्या नोंदींवरून प्रत्येकाची बाकी काढते. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा मी शिकले ती हीच वही ब्राउझरमध्ये उतरवताना. शिकायला आलेल्या मुलांनाही मी पहिलं ॲप हेच करायला सांगते. लागेल ते सगळं या एका वहीत भेटतं : फॉर्म, यादी, बेरीज, साठवण, तारीख, मराठी अंक.

बहुतेक मुलं सुरुवातीलाच विचारतात, ‘थेट रिॲक्ट शिकू का?’ माझं उत्तर ‘आधी हे करा’ असं असतं. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. ते २०१३ साली सर्वांसाठी खुलं झालं ते माहिती बदलली की पडदा तिच्याशी जुळता ठेवायच्या अडचणीवर उत्तर म्हणून. ती अडचण एकदा हाताने सोसली की त्यातलं प्रत्येक पाऊल कळतं. नाहीतर नुसती पाठांतरं होतात.

इथे मी कोड शेजारी बसून सांगावा तसा बोलून सांगणार आहे. टाईप करताना भाषेचे शब्द इंग्रजी अक्षरांतच करायचे. क्वेरीसिलेक्टर, ॲडइव्हेंटलिसनर अशा जोडशब्दांत दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं. ते लहान राहिलं तर ब्राउझरला तो शब्द ओळखू येत नाही.

कीर्द, खतावणी, पाटी

कोड लिहायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या हिशेबात कीर्द आणि खतावणी वेगळ्या असत. कीर्दीत व्यवहार घडेल तसा क्रमाने लिहायचा, आणि त्यावरून खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर तो चढवायचा. खतावणी चुकली तर कीर्दीवरून पुन्हा करता येते. कीर्द हरवली तर मात्र काही उरत नाही.

आपल्या ॲपमध्ये कीर्द म्हणजे नोंदींची एक यादी, ज्याला जावास्क्रिप्टमध्ये ॲरे म्हणतात. खतावणी म्हणजे त्या यादीवरून दर वेळी नव्याने काढलेली प्रत्येकाची बाकी. पडदा ही पाटी : पुसायची आणि खतावणी बघून पुन्हा लिहायची. बाकी कधीच साठवायची नाही, आणि पाटीवरचा आकडा वाचून त्यात भर घालायची नाही. नवशिक्यांची ॲप बिघडतात ती जवळजवळ नेहमी इथे. पडद्यावर ‘३५०’ दिसतंय, ते वाचायचं, त्यात ५० मिळवायचे आणि परत तिथेच लिहायचं, असं केलं की एक नोंद रद्द झाल्यावर हिशेब कुठे चुकला ते शोधायला काहीच हाती राहत नाही.

सामान

एक संगणक, एक ब्राउझर आणि एक मजकूर संपादक. व्हीएस कोड फुकट मिळतो आणि चांगला आहे. बाकी काही इन्स्टॉल करायचं नाही, कारण भाषा ब्राउझरमध्येच बसलेली आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत तिचा पहिला नमुना केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिला जावास्क्रिप्ट हे नाव मिळालं. त्या घाईच्या काही खुणा अजून भाषेत आहेत, पुढे दोन-तीन ठिकाणी त्या आपल्याला आडव्या येतील.

एका फोल्डरमध्ये तीन फायली करा : पानाची एचटीएमएल फाईल, सजावटीची सीएसएस फाईल आणि जावास्क्रिप्टची फाईल. एचटीएमएलच्या हेडमध्ये मेटा टॅग लिहून कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे असं सांगा, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसू शकतो. पानाची भाषा मराठी आहे हेही लँग या गुणधर्मात नोंदवा. दृष्टिहीन माणसांसाठी पान मोठ्याने वाचणारी सॉफ्टवेअर त्यावरूनच उच्चार ठरवतात.

स्क्रिप्टचा टॅग हेडमध्येच लिहा, पण त्यात ‘डिफर’ हा शब्द घाला. त्याने पान पूर्ण वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालते. डिफर विसरलात तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर आपल्या तक्रारी लिहितो त्या खिडकीत, लाल अक्षरांत ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ अशी तक्रार येईल. अर्थ सरळ आहे : तुम्ही फॉर्म मागितलात तेव्हा तो अजून पानावर आलेलाच नव्हता. कन्सोल एफ१२ दाबून उघडतं. ते कायम उघडं ठेवा आणि लाल ओळ आली की आधी ती पूर्ण वाचा. शेवटी फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावर टिचकी मारली की नेमकी ती ओळ समोर येते.

फॉर्म

पानावर एक फॉर्म, त्याखाली बाकीची रिकामी यादी, आणि त्याखाली अलीकडच्या नोंदींची रिकामी यादी. फॉर्ममध्ये चार गोष्टी : नावाचा रकाना, रकमेचा रकाना, ‘नावे’ आणि ‘जमा’ यांतून एक निवडायची दोन रेडिओ बटणं, आणि ‘नोंद करा’ हे बटण. प्रत्येक रकान्याला लेबल द्या. लेबलवर बोट पडलं तरी रकाना निवडला जातो, आणि गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना मोबाईलवर त्याची किंमत कळते.

रकमेच्या रकान्याचा प्रकार नंबर ठेवू नका, टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड डेसिमल करा. मोबाईलवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल, पण काय स्वीकारायचं ते आपल्या हातात राहील. याचं कारण पुढे येतंय.

बटण दाबल्यावर

आता जावास्क्रिप्टची फाईल. पहिली ओळ : लेट लिहून ‘नोंदी’ नावाचं चल (माहिती ठेवायचा नाव दिलेला डबा) करा आणि त्यात चौकोनी कंसांची रिकामी जोडी ठेवा. ‘नोंदी’ हे नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. जावास्क्रिप्ट चलांच्या नावात देवनागरी अक्षरं आणि मात्रा दोन्ही स्वीकारते. नोकरीत इंग्रजी नावंच लागतील, पण पहिल्या ॲपमध्ये मी मुद्दाम मराठी नावं वापरायला सांगते. आपण ठेवलेलं नाव कोणतं आणि भाषेचा मूळ शब्द कोणता, हा फरक नजरेलाच दिसतो.

मग डॉक्युमेंट, टिंब, क्वेरीसिलेक्टर असं लिहून फॉर्म हातात घ्या आणि ॲडइव्हेंटलिसनरने त्याच्या ‘सबमिट’ घटनेवर कान ठेवा. बटणाच्या क्लिकवर नको. सबमिटवर ठेवला की एंटर दाबूनही नोंद होते.

आतली पहिलीच ओळ प्रिव्हेंटडिफॉल्टची. फॉर्म सबमिट झाला की माहिती सर्व्हरकडे पाठवायची आणि पान नव्याने उघडायचं, ही ब्राउझरची मूळ सवय आहे. ही ओळ राहिली की पान क्षणभर लुकलुकतं आणि केलेली नोंद नाहीशी होते.

पुढचा क्रम असा : रकान्यांतलं नाव आणि रक्कम घ्या, रक्कम तपासा, एक नोंद बनवून यादीत पुश करा, साठवा, पाटी पुन्हा लिहा, फॉर्म रिसेट करा, आणि कर्सर परत नावाच्या रकान्यात न्या. ही शेवटची पायरी विसरू नका. सलग वीस नोंदी करणाऱ्या माणसाला दर वेळी माऊस उचलायला लावणं बरोबर नाही.

नोंद म्हणजे महिरपी कंसात चार गोष्टी : नाव, पैसे, प्रकार आणि वेळ. वेळेसाठी डेट टिंब नाऊ वापरा. ते १ जानेवारी १९७० पासून लोटलेले मिलिसेकंद देतं. हाच आकडा नोंदीचा ओळखक्रमांक म्हणूनही चालेल.

रक्कम : इथे थांबून काम करा

मामाच्या दुकानात पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाकी ५०२० दिसली. मामाने वही पुढे केली : एकदा ५० आणि एकदा २०, म्हणजे सत्तर. रकान्यातून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते, अगदी आकडासुद्धा. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, ते एकापुढे एक चिकटवते. म्हणून रकान्यातून बाहेर पडतानाच मजकुराचा आकडा करायचा, आणि तोही एकाच ठिकाणी, एका छोट्या फंक्शनमध्ये, म्हणजे नाव देऊन हवा तेव्हा चालवता येणाऱ्या कोडच्या तुकड्यात. मी त्याला ‘पैसेकाढा’ म्हणते.

नंबर हे तयार फंक्शन इंग्रजी अंक ओळखतं. मामी मात्र मोबाईलवर मराठी कीबोर्डने ‘१२०’ असं लिहिते, आणि त्यावर नंबर चालवलं की हाती येतं ‘एनएएन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ० ते ९ हे देवनागरी अंक २४०६ ते २४१५ अशा सलग क्रमांकांवर बसवलेले आहेत. रिप्लेसला चौकोनी कंसात ‘०-९’ असा नमुना द्या, शेवटी जी लावा म्हणजे सगळे अंक बदलतील, आणि सापडलेल्या प्रत्येक अंकाच्या कॅरकोडॲटमधून २४०६ वजा करून उरेल तो अंक तिथे ठेवा. त्याच ओघात स्वल्पविराम आणि मोकळ्या जागाही काढून टाका, कारण ‘१,२५०’ असं लिहिणारी माणसं असतात आणि ती बरोबरच लिहितात.

मग त्या आकड्याला १०० ने गुणून मॅथ टिंब राउंड करा, म्हणजे रुपयांऐवजी पूर्ण पैसे हाती येतात. कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश बसत नाही. पूर्णांकांना ही अडचण नाही. हिशेब पैशांत ठेवा, आणि फक्त पाटीवर लिहिताना १०० ने भागा.

तपासणीची अट एकच पुरते : पैसे शून्याहून मोठे नसतील तर परत फिरा. रिकाम्या रकान्याचा नंबर शून्य होतो, आणि एनएएन कोणत्याही आकड्याहून मोठा नसतो, त्यामुळे दोन्ही याच अटीत अडकतात. परत फिरताना गप्प राहू नका. रकान्याशेजारी ‘रक्कम आकड्यात लिहा’ अशी ओळ दाखवा.

पाटी लिहिणारं फंक्शन

‘पाटीलिहा’ नावाचं एक फंक्शन करा. पडद्यावरच्या याद्यांना हात लावण्याचा हक्क फक्त त्याचा.

आधी खतावणी. न्यू मॅप लिहून रिकामा मॅप (प्रत्येक नावापुढे एक आकडा ठेवणारी यादी) घ्या आणि फॉर-ऑफने सगळ्या नोंदींवरून फिरा. त्या नावापुढे आधी काही नसेल तर शून्य धरा, नावे असेल तर पैसे मिळवा, जमा असेल तर वजा करा.

इथे मराठीची एक खरी अडचण येते. मामाच्या एका गिऱ्हाइकाचं नाव वहीत ‘ॲड. काका’ असं आहे. ॲपमध्ये त्यांची तीन खाती तयार झाली. पडद्यावर तिन्ही नावं सारखीच दिसत होती. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण काही कीबोर्ड अ आणि त्यावर चंद्र असं दोन चिन्हांत लिहितात, आणि काही त्या दोघांमध्ये न दिसणारं जोडचिन्हही घालतात. डोळ्यांना एक, संगणकाला तीन. युनिकोडचं नॉर्मलाइझ फंक्शन ‘ऱ’सारख्या अक्षरांची दोन रूपं एक करतं, पण या ‘ॲ’ची रूपं ते एक करत नाही. ती आपणच रिप्लेस करायची. म्हणून नावासाठीही एक फंक्शन : ट्रिमने कडेच्या मोकळ्या जागा काढा, नॉर्मलाइझ करा, ‘ॲ’ची सगळी रूपं एकच करा. शिवाय नावाच्या रकान्याला डेटालिस्ट जोडून आधीची नावं सुचवा. निवडलेलं नाव लिहिलेल्या नावापेक्षा भरवशाचं.

हीच अडचण क्रम लावताना पुन्हा भेटते. नुसतं सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकाने लावतं, आणि ‘ॲ’चा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा आहे. ॲड. काका यादीच्या तळाला जाऊन बसतात. सॉर्टमध्ये लोकेलकंपेअर वापरून त्याला एमआर हा भाषासंकेत दिला की ते स्वरांमध्ये येतात.

आता लिहायचं. रिप्लेसचिल्ड्रन रिकाम्या कंसांनी बोलावलं की यादी पुसली जाते. मग प्रत्येक खात्यासाठी क्रिएटएलिमेंटने एक एलआय (यादीतली एक ओळ) बनवा, त्याच्या टेक्स्टकंटेंटमध्ये नाव आणि बाकी लिहा, आणि अपेंड करा. अलीकडच्या नोंदींची यादीही अशीच.

यासाठी इनरएचटीएमएल वापरणारी उदाहरणं तुम्हाला जागोजागी दिसतील. त्यात कोड कमी लिहावा लागतो, पण माणसाने टाईप केलेला मजकूर त्यातून पानावर नेऊ नका. इनरएचटीएमएल मजकुराला टॅग समजून चालवतं. नावाच्या रकान्यात कोणी चित्राचा टॅग आणि त्यात चित्र न सापडल्यास चालवायचा कोड लिहिला, तर तो कोड तुमच्या पानात चालेल. टेक्स्टकंटेंट तोच मजकूर अक्षर म्हणून दाखवतं, बस. ही सवय पहिल्या ॲपपासून लागली पाहिजे, याबाबत मी हटून बसते.

बाकीचा आकडा इंटल टिंब नंबरफॉरमॅटने सजवा. एमआर-आयएन असा संकेत, शैली करन्सी, चलन आयएनआर दिलं की १२५००० चं ₹१,२५,०००.०० होतं : मराठी अंक, लाखाचा स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, सगळं आपोआप. यासाठी वेगळी लायब्ररी उतरवू नका.

खोडायचं नाही, रद्द करायचं

वहीत चुकलेली ओळ मामा खरवडून काढत नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारतो, म्हणजे काय चुकलं होतं ते दिसत राहतं. ॲपमध्येही नोंद काढून टाकू नका. तिच्यात ‘रद्द’ ही पाचवी गोष्ट खरी करा, खतावणी काढताना अशा नोंदी वगळा, आणि यादीत त्यावर सीएसएसने रेघ दाखवा.

प्रत्येक ओळीवर ‘रद्द’चं बटण लागेल. पाटी दर वेळी पुसली जाते, त्यामुळे प्रत्येक बटणावर वेगळा कान ठेवण्यात अर्थ नाही. पूर्ण यादीवर एकच क्लिक ऐका. क्लिक आतून वर चढत यादीपर्यंत पोचते. टार्गेट टिंब क्लोजेस्टने ती बटणावर पडली होती का ते बघा, आणि बटणाच्या डेटासेटमधून नोंदीचा ओळखक्रमांक घ्या. डेटासेट मजकूर देतं आणि आपला क्रमांक आकडा आहे. तिप्पट बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर दोन्ही कधीच जुळणार नाहीत. नंबर लावून मगच तुलना करा. ५०२० ची गोष्ट इथे परत आली बघा.

साठवण

पान बंद केलं की चलं पुसली जातात. लोकलस्टोरेज हा ब्राउझरचा छोटा कप्पा आहे, एका संकेतस्थळाला साधारण ५ एमबी. त्यात फक्त मजकूर राहतो, म्हणून जेसन ही यादी मजकुरात लिहायची पद्धत वापरा : ठेवताना जेसन टिंब स्ट्रिंगिफाय आणि काढताना जेसन टिंब पार्स. साठवायचं काय? फक्त कीर्द. काढतानाची ओळ ट्राय-कॅचमध्ये (चूक झाली तरी कोड थांबू न देणारी रचना) ठेवा आणि कप्पा रिकामा असेल तर रिकामी यादी धरा, नाहीतर पहिल्याच दिवशी ॲप कोसळेल.

या कप्प्याच्या मर्यादा वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा. ब्राउझरचा डेटा साफ केला की वही गेली. दुसऱ्या मोबाईलवर ती दिसणार नाही. फाईल घरच्या संगणकावरून गिटहब पेजेसवर (पान इंटरनेटवर ठेवायची सेवा) नेली तर पत्ता बदलतो आणि कप्पाही बदलतो, जुन्या नोंदी मागेच राहतात. म्हणून ‘प्रत उतरवा’ हे बटण ऐच्छिक समजू नका. यादीचा जेसन मजकूर ब्लॉबमध्ये (फाईलसारखा डेटाचा गठ्ठा) घाला, यूआरएल टिंब क्रिएटऑब्जेक्टयूआरएलने त्याचा दुवा बनवा, डाउनलोड गुणधर्म असलेल्या ए टॅगला तो द्या आणि कोडमधूनच त्यावर क्लिक करा. फाईल उतरते. मामी दर शनिवारी ही फाईल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवते.

आणि ॲपला पासवर्ड लावायचा मोह आवरा. ब्राउझरमधला सगळा कोड एफ१२ दाबणाऱ्याला वाचता येतो, त्यात लिहिलेला पासवर्डही. खरं कुलूप सर्व्हरवर लागतं. आपल्या वहीसाठी मोबाईलचं स्वतःचं लॉक पुरे.

मध्यरात्रीनंतरची तारीख

नोंदीपुढे तारीख दाखवायची तर न्यू डेटमध्ये आपले मिलिसेकंद घालून टूलोकेलडेटस्ट्रिंगला एमआर-आयएन द्या. काम झालं. पण टूआयएसओस्ट्रिंग करून त्याची पहिली दहा अक्षरं कापायची युक्ती बरेच जण शिकवतात. ती ग्रीनिचच्या वेळेची तारीख देते. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून रात्री १२ ते पहाटे ५.३० मध्ये केलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवशीची दिसते. दिवसा तपासून ही चूक सापडत नाही. दूधवाला पहाटे पाचला नोंद करतो, त्याला ती रोज सापडेल.

गेटमंथ वापरलंत तर जानेवारी ० असतो आणि डिसेंबर ११. ही १९९५ च्या घाईची खूण : तारखेची व्यवस्था तेव्हा जावा भाषेतून जशीच्या तशी उचलली होती.

तपासणी

आता खऱ्या वहीतलं एक पान घ्या. पानावरच्या सगळ्या नोंदी क्रमाने ॲपमध्ये भरा. काही मराठी अंकांत, काही इंग्रजी, एक ‘१२.५०’, एक स्वल्पविरामासह, एक मुद्दाम रिकामी. एकच नाव दोन कीबोर्डनी लिहून बघा. एक नोंद रद्द करा. टॅब बंद करा, पुन्हा उघडा. मग वहीतली बाकी कागदावर बेरीज करून काढा आणि पाटीशी ताडून बघा. एका जरी खात्यात फरक आला तर कन्सोलमध्ये ‘नोंदी’ लिहून एंटर दाबा. कीर्द समोर उघडेल, तिथून एकेक ओळ वाचत खाली या.